बबल टीचा ग्लास आणि साबुदाण्याची पारख

छत्रपती संभाजीनगरात कॅनॉटच्या बागेभोवती संध्याकाळी पाचनंतर फेरी मारली, तर पारदर्शक ग्लासात बोटाएवढी जाड स्ट्रॉ खुपसून गप्पा मारत बसलेली कॉलेजची मुले-मुली सहज दिसतात. त्या ग्लासाच्या तळाशी साचलेले काळे गोल मणी पाहून पहिल्यांदा मलाही थोडे विचित्रच वाटले होते, कारण चहात काही पडले की तो ओतून द्यायचा, एवढेच आपल्याला माहीत असते. भाचीने आग्रहाने नेले, दीडशे रुपयांचा चहा म्हटल्यावर माझे डोळे विस्फारले, आणि पहिलाच घोट जोरात ओढताना एक मणी थेट घशाकडे गेला. “मावशी, गिळायचे नसतात ते, चावायचे असतात,” असे तिने सांगितले तेव्हा माझा ठसका अजून थांबायचा होता. त्यानंतर त्याच कॅफेत इतक्या वेळा जाणे झाले, की आता मी दारात दिसले की काउंटरवरचा मुलगा बर्फाचे खोरे बाजूला ठेवतो. या सगळ्या खेपांतून मला कळले ते असे, की बबल टीची खरी परीक्षा त्यातल्या मण्यावर होते, आणि मण्याची पारख करण्याचे शिक्षण आपल्या घराघरांत एकादशीच्या खिचडीने आधीच दिलेले असते. ज्याला साबुदाणा नीट भिजला आहे की नाही हे दोन बोटांत दाबून ओळखता येते, त्याला बबल टीच्या बाबतीत कोणीही सहजासहजी फसवू शकत नाही.

मणी कशाचा असतो

कॅफेत ज्याला ‘बोबा’ किंवा ‘पर्ल’ म्हणतात, तो मणी टॅपिओकाचा, म्हणजे कसावा नावाच्या कंदातून काढलेल्या स्टार्चचा असतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, आणि तमिळनाडूतील सेलम भागातून तो देशभर पोहोचतो. दोघांची कृती मात्र वेगळी आहे. साबुदाण्याचे ओले दाणे कारखान्यातच तापलेल्या पत्र्यावर भाजून अर्धवट शिजवलेले असतात, त्यामुळे तो रात्री भिजत घातला तरी सकाळी दाणा दाणा मोकळा राहतो. बबल टीचा कोरडा मणी थंड पाण्यात टाकला, तर त्याचा लगदा होतो. तो खळखळ उकळत्या भरपूर पाण्यातच सोडावा लागतो, साधारण अर्धा तास शिजवावा लागतो, मग आच बंद करून झाकणाखाली जवळजवळ तितकाच वेळ मुरू द्यावा लागतो, आणि शेवटी गार पाण्याने धुऊन साखरेच्या दाट पाकात ठेवावा लागतो. मण्याचा काळा-तपकिरी रंग या पाकाचा किंवा कॅरॅमलचा असतो. स्टार्च स्वतः पांढराच असतो. चांगल्या ठिकाणी हा पाक ब्राउन शुगरचा करतात, आणि ज्यांनी गुऱ्हाळावर उभे राहून गरम काकवी चाटली आहे त्यांना त्या पाकाची चव अजिबात परकी वाटणार नाही.

हे पेय तैवानचे. तिथल्या बाजारात टॅपिओकाचे गोड मणी फार पूर्वीपासून मिळत होते. ते थंड चहात घालण्याची कल्पना 1980 च्या दशकात निघाली. कोणाच्या डोक्यातून निघाली, यावर ताइचुंग शहरातील चुन शुई तांग आणि ताइनान शहरातील हानलिन या दोन चहागृहांनी एकमेकांशी जवळजवळ दहा वर्षे कोर्टात भांडण केले. 2019 मध्ये न्यायालयाने असे ठरवले, की हे कोणाचे पेटंट घेतलेले उत्पादन नसून कोणालाही करता येईल असे पेय आहे, तेव्हा पहिला कोण हे ठरवण्याची गरजच नाही. मिसळ पहिल्यांदा कोणी केली यावर आपल्याकडे कोणी कोर्टात जात नाही, यातच आपले शहाणपण आहे, असे मला त्या निकालाविषयी वाचताना वाटले. नावातला ‘बबल’ हा मुळात मण्यांवरून आलेला नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. चहा, बर्फ आणि साखर शेकरमध्ये जोरजोरात हलवल्यावर वर जो फेस येतो, त्याचे ते बुडबुडे आहेत. मण्यांच्या चहाला तिकडे ‘मोत्यांचा दुधाचा चहा’ अशा अर्थाचे नाव आहे.

कधी जावे आणि काय विचारावे

ताजा मणी बाहेरून चकचकीत व निसरडा असतो, दाताखाली आधी दबतो, मग थोडा प्रतिकार करतो आणि मधोमध तुटतो. त्याच्या गाभ्यात कोरडा पांढरा ठिपका राहिलेला नसतो. तैवानी लोक या लवचीक चिवटपणाला ‘क्यूक्यू’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द नाही, पण ताज्या चिकाच्या वडीवर बोट दाबल्यावर जी उसळी लागते ती आठवली, तर अंदाज येईल. हा गुण मण्यात फार काळ टिकत नाही. शिजवल्यानंतर चार तासांच्या आत मणी संपवावा, असा जाणत्या दुकानदारांचा प्रघात आहे, कारण शिजलेला स्टार्च जसजसा थंड होतो तसतसा पुन्हा घट्ट होत जातो. रात्रीचा उरलेला भात सकाळी टणक होतो, त्याचे कारणही हेच आहे.

त्यामुळे कॅफे उघडल्याबरोबर अकरा वाजता जाण्यापेक्षा, किंवा रात्री बंद होण्याच्या बेताला जाण्यापेक्षा, गर्दी सुरू होण्याच्या थोडे आधी जावे. आमच्या कॅफेत कॉलेज सुटण्याच्या हिशेबाने चारच्या सुमारास नवा घाणा उतरतो, आणि तेव्हा गेलेल्या माणसाला सर्वांत चांगला मणी मिळतो. आपल्या कॅफेची वेळ वेगळी असेल; ती सरळ विचारून घ्यावी. “बोबा किती वाजता उकळला?” हा प्रश्न विचारण्यात कसलाही संकोच नसावा. ज्या ठिकाणी तो उत्साहाने सांगितला जातो (“आत्ताच उतरवला की मावशी, अजून कोमट आहे!”), तिथे निर्धास्तपणे बसावे, जिथे विचारणाऱ्याकडेच आश्चर्याने पाहिले जाते, तिथे त्या दिवशी फळांचा चहा घेऊन मण्यांचा नाद सोडावा. भाजीवाल्याला मेथी कधीची आहे हे विचारणारे आपण, दीडशे रुपये मोजताना गप्प का राहतो, हे मला कळत नाही.

दुसरा प्रश्न बर्फाचा. संभाजीनगरला पाणी जायकवाडीतून येते, नळाला ते काही दिवसांच्या अंतराने सुटते, आणि मधल्या काळात टँकर आणि जार यांवर भागवावे लागते. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. चहा उकळलेला असतो, मणीही उकळलेले असतात, पण बर्फ उकळलेला नसतो. म्हणून बर्फ फिल्टरच्या पाण्याचा कॅफेतच होतो की बाहेरून लादी येते, एवढे पहिल्या भेटीत विचारून ठेवावे आणि भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक लावलेला आहे का, हेही पाहून घ्यावे.

ऑर्डर देताना

मेनूवरची पन्नास नावे पाहून गोंधळ होतो, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी तीनच गोष्टी असतात: खाली काय घालायचे, मधे कोणता चहा किंवा दूध, आणि वर गोडी व बर्फ किती. पहिल्यांदा जाणाऱ्याने काळ्या चहाचा साधा दूध-चहा आणि टॅपिओकाचे मणी हेच घ्यावे, कारण त्यात लपवायला जागा कमी असते. तैवानमध्ये सन मून लेकच्या काठी पिकणारा प्रसिद्ध काळा चहा जपानी राजवटीत तिथे नेलेल्या आसामच्या चहाचा वंशज आहे, त्यामुळे चांगल्या ठिकाणी त्या चहाची कडक चव आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. ती चव दुधाखाली पूर्ण बुडाली असेल, तर चहा पुरेसा मुरलेला नव्हता, असे समजावे.

दूध खरे आहे की पावडरचे क्रीमर आहे, हे विचारावे. क्रीमरने चहाला दाटपणा आणि ती विशिष्ट दुकानी चव येते, अनेकांना ती आवडते आणि त्यात गैर काही नाही. परंतु क्रीमर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज सिरप आणि वनस्पती तेल असते, हे माहीत असलेले बरे. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कित्येक क्रीमरमध्ये दुधातले प्रथिन असते, तेव्हा ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी त्या शब्दावर विसंबून राहू नये.

साखरेचे प्रमाण शंभर, पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस किंवा शून्य टक्के असे सांगता येते. माझा सल्ला पन्नासपासून सुरू करून पुढच्या खेपेस पंचविसावर येण्याचा आहे, कारण मणी स्वतः पाकात मुरलेले असतात आणि दर घोटाबरोबर त्यांची गोडी येतच असते. याच कारणाने ‘झिरो शुगर’ मागितले तरी मणी घातलेला ग्लास बिनसाखरेचा होत नाही, ही गोष्ट मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि पूर्ण गोडीचा एक मोठा ग्लास यातला बराच वाटा एकट्याने खाऊन टाकतो. मणीही निव्वळ स्टार्चचेच असल्यामुळे ज्यांची रक्तातली साखर वर-खाली होते त्यांनी दुसऱ्याच्या ग्लासातले दोन-तीन मणी चाखण्यावर समाधान मानणे योग्य.

बर्फाच्या बाबतीत मराठवाड्यातल्या माणसाची पंचाईत होते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, घशाला बर्फच हवा असतो, आणि मण्याला मात्र बर्फ सोसत नाही. ग्लासभर बर्फात अर्धा तास पडलेला मणी कडक होतो. यावर माझा उपाय असा आहे, की उन्हाळ्यात नेहमीचा बर्फ घ्यावा पण कॅफेत बसून वीस मिनिटांच्या आत ग्लास संपवावा, आणि इतर ऋतूंत ‘लेस आइस’ सांगून सावकाश प्यावे. डिसेंबरच्या थंडीत गरम बबल टीही मिळते. त्यात मणी मऊ राहतात, पण फार वेळ ठेवले तर फुगून खिरीतल्या साबुदाण्यासारखे गिळगिळीत होतात, तेव्हा तिथेही घाई करावीच लागते.

टॅरो नावाच्या जांभळ्या चहाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टॅरो म्हणजे आपल्या अळूचाच कंद. ज्या झाडाच्या पानांची वडी आणि फतफते आपण पिढ्यानपिढ्या करत आलो, त्याचा कंद दुधात मिसळून आपल्यालाच परदेशी नावाने विकला जातो, याची गंमत वाटते. उकडलेला कंद पांढुरका, फार तर फिकट जांभळी छटा असलेला असतो. ग्लासातला रंग होळीच्या गुलालाशी स्पर्धा करत असेल, तर तो पावडरमधल्या रंगाचा आहे असे खुशाल समजावे. चव मात्र चांगली लागते, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी, आणि लहान मुलांना ती फार आवडते.

फळांचे चहा घ्यायचे असतील, तर आपल्या भागात काय पिकते ते आठवून घ्यावेत. मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि हंगामात या फळांचा ताजा गर घालणारा कॅफे सापडला, तर बाटलीतल्या लिची आणि पॅशन फ्रूटच्या सिरपकडे वळून पाहण्याचे कारण राहत नाही. सीताफळ आणि आंबा दुधाशी जमतात. मोसंबीबरोबर दूध घेऊ नये, कारण ते फाटते, म्हणून तिच्यासाठी बिनदुधाचा हिरवा किंवा काळा चहा सांगावा. अशा चहात टॅपिओकाच्या मण्यांऐवजी ‘पॉपिंग बोबा’ शोभतात. त्यांत स्टार्च नसतो. फळांच्या रसाभोवती समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचे पातळ आवरण असते आणि दात लागताच ते फुटून रस सुटतो. ते चवीला ठीक आहेत, पण चावण्याचा आनंद त्यांत नाही. फालुद्यातला सब्जा जास्त रंजक, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लास हातात आल्यावर

वरचे प्लॅस्टिकचे सील अजून शाबूत असतानाच ग्लास दोन्ही हातांत धरून चार-पाच वेळा उलटसुलट करावा, म्हणजे तळाशी बसलेला पाक आणि वरचा चहा एकजीव होतो. ब्राउन शुगर दुधाच्या ग्लासाला मात्र हा नियम लागू नाही. त्याच्या आतल्या बाजूला पाकाचे वाघासारखे पट्टे ओढलेले असतात. ते आधी डोळ्यांनी पाहावेत, एक घोट पाकाचा, एक घोट नुसत्या दुधाचा असे करून घ्यावे, आणि मगच ढवळावे.

स्ट्रॉ खुपसणे ही सर्वांत जास्त फजितीची जागा आहे. नवशिका माणूस हळूहळू दाबतो, सील खाली जाते, ग्लास चेपतो, आणि चहा शर्टावर येतो. ग्लास टेबलावर ठेवून एका हाताने वरच्या कडेला धरावा, बाजूने दाबू नये. स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर अंगठा ठेवावा, तिरपे कापलेले टोक सीलच्या मधल्या भागावर टेकवावे आणि एकाच झटक्यात खाली न्यावे. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे आता बहुधा कागदाची स्ट्रॉ मिळते, आणि कागदाचे टोक दुसऱ्या प्रयत्नाला बोथट होते. पहिल्या झटक्यात जमले नाही, तर सील सरळ सोलून काढावे. त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः आता सुमारे बारा मिलिमीटर जाडीची स्टीलची स्ट्रॉ पर्समध्ये ठेवते. कागदाची स्ट्रॉ शेवटच्या मण्यांपर्यंत टिकत नाही, हा माझा या बंदीविषयीचा एकमेव आक्षेप आहे.

पहिला घोट स्ट्रॉचे टोक तळापासून वर उचलून, मण्यांशिवाय घ्यावा. त्यात चहा कळतो, गोडी कळते, आणि काही कमी-जास्त असेल तर ग्लास अजून भरलेला असतानाच सांगता येते. त्यानंतर टोक तळाशी न्यावे आणि हलक्या ओढीने दोन किंवा तीनच मणी वर येतील असे प्यावे. जोराने ओढू नये. मणी जिभेवर आले की ओढणे थांबवावे, चहा गिळावा, मणी मागे राहू द्यावेत आणि मग ते निवांत चावावेत. चावताना आतला पाक हळूहळू सुटतो, आणि पुढचा चहाचा घोट त्यामुळे थोडा कडवट व अधिक चांगला लागतो. हा क्रम एकदा बसला, की बबल टी पिणाऱ्या माणसाचे बोलणे आपोआप सावकाश होते. माझी भाची एरवी एका दमात तीन विषय बोलते. ग्लास हातात असेपर्यंत ती एकाच विषयावर राहते.

चहा आणि मणी बरोबरीने संपावेत, यासाठी मधूनमधून ग्लासाकडे पाहावे. बहुतेकांचा चहा आधी संपतो आणि तळाशी पंधरा-वीस मणी बर्फात रुतून बसतात, आणि मग स्ट्रॉने ते ओढताना असा आवाज होतो, की शेजारच्या टेबलावरचे काका वळून पाहतात. अशा वेळी झाकण काढून चमचा मागावा.

पाच वर्षांखालच्या मुलांना हे मणी देऊ नयेत; गोल, निसरडा आणि चिवट पदार्थ स्ट्रॉतून वेगाने आला, तर तो श्वासनलिकेत अडकण्याची भीती खरी आहे. त्यांना हट्टच असेल, तर मणी न घालता आंब्याचे दूध द्यावे. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांनाही मणी त्रास देतात, कारण ते दातांना चिकटतात. आणि ज्यांना संध्याकाळच्या चहाने झोप लागत नाही, त्यांनी यातही चहाच आहे हे विसरू नये.

पार्सल आणि एकादशी

पार्सल न्यायचे असेल, तर घर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असले पाहिजे. मी एकदा आईसाठी ग्लास नेला, ती झोपली होती म्हणून फ्रीजमध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला मणी चावून सरळ ताटलीत काढून ठेवला. “अगं, हे तर भिजलेलंच नाही की,” असे ती म्हणाली. तिला बबल टी हा शब्दही माहीत नव्हता, पण दोष कुठे आहे ते तिने एका मण्यात ओळखले, कारण पन्नास वर्षे साबुदाणा भिजवलेल्या बाईचे ते दात होते. शिजलेला मणी फ्रीजमध्ये पुन्हा कडक होतो, आणि तो चहातच गरम करायला जावे तर सगळ्याचाच विचका होतो. दूरवर न्यायचेच असेल, तर कॅफेला मणी पाकासह वेगळ्या डबीत आणि चहा बिनबर्फाचा द्यायला सांगावे, आणि घरी गेल्यावर मिसळावे. आमच्या कॅफेत याचे वेगळे पैसे घेत नाहीत. इतरत्र विचारून घ्यावे.

पुढच्या आषाढीला आईनेच विषय काढला. मणी साबुदाण्याच्याच कंदाचा असेल तर तो उपासाला चालतो का, असे तिने विचारले. नुसता मणी, साखर आणि दूध-चहा इथपर्यंत ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे हो म्हणता येईल. पण दुकानातल्या मण्यांत घट्टपणासाठी गवारगमसारखे पदार्थ आणि रंग घातलेला असू शकतो, आणि क्रीमरचे तर बोलायलाच नको. हे सगळे ऐकून घेतल्यावर तिने त्या दिवशी खिचडीच केली. द्वादशीला मात्र चार वाजता स्वतःहून साडी बदलून ती तयार झाली, कॅफेत काउंटरसमोर जाऊन उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, “बाळा, आधी एक दाणा चमच्यात दे, चावून बघू दे मला.” त्याने दिला. तिने तो डोळे मिटून चावला, मान हलवली आणि पंचवीस टक्के साखरेचा, लेस आइसचा ग्लास सांगितला.